निळे, जांभळे, पोपटी केस: बघणाऱ्याला नेमकं काय खटकतं?

रविवार कारंजा

नाशिकच्या कॉलेज रोडला संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहिलं तरी दोन-तीन डोकी दिसतात. कुणाची टोकं निळी, कुणाच्या कानामागे जांभळी बट, एखादं पूर्ण डोकं गुलाबी. तिथे कुणी बघत नाही. तेच डोकं बुधवारच्या बाजारात गंगेवर (गोदाकाठी) भाजी घेताना दिसलं की माना वळतात.

आता दुसरी बाजू बघा. पांढऱ्या केसांना मेंदी लावून लखलखीत केशरी झालेलं डोकं आपल्याकडे प्रत्येक गल्लीत आहे. केशरी दाढ्याही आहेत. माणसाच्या केसांचा तो नैसर्गिक रंग नाही, पण त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणजे भडक रंगाचंच वावडं आहे असं म्हणता येत नाही. मग खटकतं काय?

आपल्या या गटात सलूनमधले, त्वचेचे डॉक्टर, एचआरमधले, रसायनं शिकवणारे असे सगळे आहेत. ‘ज्याची त्याची आवड’ एवढ्यावर थांबू नका, नेमकं लिहा. पावडर किती, वेळ किती, कुठे चुकतं आणि कोणत्या चुकीमुळे बघणाऱ्याचं मत बिघडतं.

वेणीफणी

जुन्या डोळ्यांना काय दिसतं ते आधी सांगते, कारण तरुण मंडळी ते लक्षात घेत नाहीत.

आपल्याकडे केसांची निगा म्हणजे तेल, विंचरणं आणि बांधणं. काळाभोर, चापूनचोपून बसवलेला, चकाकणारा केस म्हणजे घरात कुणीतरी लक्ष देतंय. भुरा, तांबूस, राठ, पिंजारलेला केस म्हणजे उन्हातान्हात राबणं, तेलाला पैसे नसणं, आबाळ. ‘झिपऱ्या’ हा शब्द रंगाबद्दल नाही, निगेबद्दल आहे. आता ब्लीच केलेला केस बघा. तो आधी भुरा होतो, मग राठ होतो, मग फुलतो. त्यावरचा निळा रंग काही आठवड्यांत उतरला की खाली नेमका तोच आबाळ झालेला केस उघडा पडतो. आजी किंवा काकू ‘काय हे केसांचं करून घेतलंस’ म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा त्यांचं बोट रंगाकडे नसतं, त्या राठपणाकडे असतं.

मेंदीच्या केशरी डोक्याला सूट का मिळते, त्याचंही उत्तर यातच आहे. मेंदीने केस जाड आणि तुकतुकीत दिसतो. शिवाय तो पांढरा केस झाकण्याचा, म्हणजे वयाला साजेसा उपाय मानला जातो.

निदान

वेणीफणीताईंच्या मुद्द्याला वैद्यकीय आधार आहे. मुलांमध्ये प्रथिनांची तीव्र कमतरता झाली की केसांचा काळेपणा जातो, ते तांबूस, पातळ आणि कोरडे होतात. खाणं सुधारलं, पुन्हा बिघडलं, असं होत राहिलं तर एकाच केसावर फिकट आणि गडद असे पट्टे पडतात. डॉक्टर त्याला फ्लॅग साइन म्हणतात. फिकट तांबूस केस म्हणजे अशक्तपणा, ही समजूत हवेतून आलेली नाही. आज ती चुकीच्या माणसाला लावली जाते, एवढंच.

कंगवा

सलूनच्या बाजूने लिहितो. लांबलचक आहे, पण लोकांना खटकणाऱ्या बहुतेक गोष्टी इथेच तयार होतात.

आपला केस लेव्हल १ ते ३ चा, म्हणजे काळा ते गडद तपकिरी; आकडा वाढला की केस फिकट. निळा, लव्हेंडर, फिका गुलाबी उठून दिसायला तो लेव्हल ९-१० पर्यंत उतरवावा, म्हणजे फिका करावा लागतो. वाटेत तो ठरलेल्या क्रमाने जातो: लालसर तपकिरी, विटकरी, नारंगी, पिवळसर नारंगी, पिवळा आणि शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट. एका बैठकीत काळ्यावरून थेट शेवटाला पोचायची घाई केली की केस गेला. दोन बैठका धरा आणि मध्ये किमान दोन ते चार आठवडे.

प्रमाण: ब्लीच पावडर १ भाग, डेव्हलपर (पेरॉक्साइडचं द्रावण) २ भाग. कानामागच्या एका पट्ट्याला २० ग्रॅम पावडर आणि ४० मिली डेव्हलपर पुरतो. खांद्यापर्यंतच्या दाट केसांच्या पूर्ण डोक्याला साधारण १०० ग्रॅम आणि २०० मिली. पण सगळं एकदम कालवू नका. वाटीत अर्ध्या तासाने त्याचा जोर ओसरतो, म्हणून तीन वेळा थोडं थोडं कालवायचं. डेव्हलपर २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड. ३० व्हॉल्यूम (९ टक्के) फक्त फॉइलमधल्या, टाळूपासून दूर असलेल्या केसांना. ४० ला हात लावू नका.

लावताना टाळूपासून दोन सेंटीमीटर सोडून मधल्या लांबीला आधी लावा. मुळांना पंधरा-वीस मिनिटांनी शेवटी. टाळूच्या उबेने मुळं लवकर उतरतात. एकदमच लावलं तर मुळं पिवळीधम्मक आणि खाली विटकरी राहतं. त्यावर कोणताही रंग चढवा, डोक्याजवळ भगभगीत आणि टोकांना मळकट दिसणार. रस्त्यावरचा माणूस याला ‘काहीतरी चुकलंय’ म्हणून ओळखतो, कारण सांगता आलं नाही तरी.

फॉइलमध्ये बट अर्धा सेंटीमीटरपेक्षा जाड घेऊ नका. दर दहा मिनिटांनी एक फॉइल उघडून मिश्रण बोटाने बाजूला करायचं आणि केस बघायचा. एकूण वेळ डब्यावर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. बहुतेक पावडरींना ती ५० मिनिटं असते. ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणा. ताणून परत जागेवर आला तर ठीक. च्युइंगमसारखी तार निघाली आणि परत आला नाही, तर ताबडतोब धुवा. त्या दिवशी पुढचं काही करायचं नाही.

आधी उतरवलेल्या केसावर दुसऱ्यांदा ब्लीच चढवणं ही सगळ्यात महागडी चूक. टचअपला फक्त नवीन वाढलेला भाग घ्यायचा. जुन्या भागावर सरकलं की बरोबर त्या रेषेवर केस तुटतो आणि डोक्यावर आखूड, उभे राहिलेले केस दिसतात. तेच पिंजारलेपण, ज्याबद्दल वर लिहिलंय.

इंदिरानगर

कंगवादादा, कोणत्या रंगाला कितपत उतरवावं लागतं ते सुटसुटीत सांगाल का? सगळेच पांढरेफटक करावे लागतात का?

कंगवा

नाही, आणि हे कळलं तर अर्धे केस वाचतील. मजेंटा, गडद गुलाबी, लाल, वाइन, तांबूस जांभळा हे नारंगी पायावरही छान बसतात, लेव्हल ७ पुरते. मोरपंखी आणि हिरवा पिवळ्यावर चालतात. निळा, लव्हेंडर आणि सगळे फिके रंग मात्र केळ्याच्या सालीशिवाय नकोत. पिवळ्यावर निळा टाकला तर हिरवट दिसतो, नारंगीवर टाकला तर मळका राखाडी. पाया थोडा पिवळा राहिला असेल तर जांभळा टोनर (नको असलेली छटा मारणारा हलका रंग), नारंगी असेल तर निळा. टोनर चढताना डोळ्यासमोर ठेवा, पाच मिनिटांतही होतो.

ब्लीच अजिबात नको असेल तर गडद बर्गंडी किंवा जांभळा डाय सरळ लावता येतो. घरात केस काळेच दिसतात, उन्हात झाक मारतात. ज्यांना घरातल्या नजरेची धास्ती आहे त्यांनी सुरुवात इथून करावी.

रंगशाळा

थोडं रसायन, कारण त्याशिवाय पुढचे प्रश्न सुटणार नाहीत.

काळा करणारा कायमचा डाय आणि हे भडक रंग यांचं काम वेगळं. कायमच्या डायमध्ये छोटे रेणू केसाच्या आत शिरतात आणि पेरॉक्साइडमुळे आत जोडले जाऊन मोठे होतात, म्हणून बाहेर पडत नाहीत. निळा, गुलाबी, पोपटी हे बहुतांशी डायरेक्ट डाय. ते आधीच रंगीत असतात, त्यांना डेव्हलपर लागत नाही. त्यांच्यावर धन भार असतो आणि ब्लीचने खराब झालेल्या केसावर ऋण भार जास्त असतो, म्हणून ते वरवर चिकटतात. प्रत्येक धुण्यात थोडे निघतात. चार ते आठ आठवड्यांत रंग ओसरतो, आणि तो कसा ओसरेल हे पायावर ठरतं. खाली पिवळा असेल तर निळा हिरवट होत जातो. गुलाबी पीच होतो. म्हणून लोकांच्या नजरेचा विचार करत असाल तर पहिल्या दिवशी कसा दिसेल यापेक्षा विसाव्या दिवशी कसा दिसेल, यावरून रंग निवडा. मजेंटा आणि गुलाबी उतरतानाही बरे दिसतात. निळा फसवतो. हिरवा जायला फार कुरकुरतो.

हे रंग आले कुठून? १८५६ साली इंग्लंडमध्ये पर्किनने क्विनीन बनवायच्या खटपटीत मॉव्ह हा जांभळा रंग तयार केला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग सुरू झाला. भडक केसांवर बंडखोरीचा शिक्का १९७० च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या पंकांनी, म्हणजे पंक संगीताच्या चाहत्या तरुणांनी मारला. १९७७ मध्ये न्यूयॉर्कला दोन बहिणींनी मॅनिक पॅनिक हे दुकान उघडलं आणि पुढे त्याच नावाचे रंग जगभर गेले. पण त्याच्याही आधी इंग्लंडमधल्या वयस्कर बायका पांढऱ्या केसांतला पिवळेपणा मारायला निळा रिन्स लावत. प्रमाण जास्त झालं की डोकं चक्क फिकट निळं दिसायचं, आणि तिथे ते सभ्यपणाचं लक्षण होतं. रंग तोच, डोकं कुणाचं यावर अर्थ बदलला.

निदान

आता सावधगिरी. कृपया हे वगळून पुढे जाऊ नका.

डोक्यात जखम, खाज, बुरशी, सोरायसिस असेल तर ब्लीच नको. रंग आणि टोनर दोन्हींची चाचणी ४८ तास आधी, कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे, एक रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. लाली, पुरळ, खाज आली तर तो रंग आयुष्यभर बाद. काळ्या डायमधलं पीपीडी (पॅरा-फेनिलिनडायअमाइन) हे रसायन अ‍ॅलर्जीचं मोठं कारण आहे, आणि ‘काळी मेंदी’ म्हणून जी पावडर मिळते तिच्यातही बऱ्याचदा तेच असतं. एकदा तिने चेहरा सुजला असेल तर पुढच्या वेळी जास्त सुजतो.

ब्लीचची थोडी चुरचुर होते, पण आग व्हायला लागली तर वेळ पूर्ण करायच्या नादाला लागू नका. थंड पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धुवा. भाजलेल्या जागेवर तेल, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. ब्लीच लावून वर प्लॅस्टिक आणि ड्रायरची गरम हवा, हा प्रकार टाळू भाजण्याचं सरळ कारण आहे. पावडर कालवताना उडणारी धूळ श्वासात गेली तर दमेकऱ्यांना झटका येऊ शकतो. खिडकी उघडी ठेवा. भुवया आणि पापण्यांना यातलं काहीही नाही.

इंदिरानगर

मेंदी लावलेल्या केसांवर ब्लीच चालतं का? घरोघरी हाच प्रश्न आहे.

रंगशाळा

शुद्ध मेंदी असेल तर ब्लीच चालतं, पण लॉसोन, म्हणजे मेंदीतलं रंगद्रव्य, केसाच्या प्रथिनाला घट्ट धरून बसतं. नारंगीच्या पुढे जाणं कठीण. त्यामुळे मेंदीवाल्यांनी मजेंटा किंवा लाल धरावा. मेंदीवर नीळ (इंडिगो पावडर) लावलेली असेल तर ब्लीचने हिरवट छटा येते.

खरा धोका मेंदीच्या तयार मिश्रणांचा. काही पावडरींत धातूंचे क्षार असतात. त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस गरम होतो, वाफा येतात, तुकडे पडतात. चाचणी सोपी आहे. विंचरताना निघालेले दहा-पंधरा केस दोऱ्याने बांधा. काचेच्या वाटीत ३० मिली २० व्हॉल्यूम डेव्हलपर, त्यात तीव्र अमोनियाचे २० थेंब. केस त्यात अर्धा तास बुडवून ठेवा. वाटी गरम झाली, बुडबुडे उठले, वास आला किंवा केस लिबलिबीत झाले, तर ब्लीचचं नाव काढू नका. तो केस वाढून कापला जाईपर्यंत थांबा. अमोनिया हुंगू नका, बाल्कनीत करा.

सातपूर

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. त्याच रंगाला दोन वेगळी नावं मिळतात. गंगापूर रोडच्या सलूनमधून सोनेरी हायलाइट्स करून आलेला मुलगा ‘स्टायलिश’. तसेच केस रिक्षास्टँडवर किंवा कंपनीच्या गेटवर दिसले की ‘टपोरी’. गल्लीतल्या दुकानात टोनर न करता नुसतं ब्लीच करून पाठवतात, म्हणून केस विटकरी राहतो आणि पैसे कमी लागलेत हे दुरूनच कळतं. लोक रंग बघून माणसाचा खिसा वाचतात आणि खिशावरून चारित्र्य. हे चूक आहे आणि ते स्पष्ट म्हटलं पाहिजे.

उपाय मात्र स्वस्त आहे. पुरुषांच्या आखूड केसाला टोनर १५ ते २० ग्रॅम लागतो, बरोबर दुप्पट १० व्हॉल्यूम डेव्हलपर. जिथे नुसतं ब्लीच करून उठवतात तिथे एवढं तरी मागून घ्या.

रविवार कारंजा

सातपूरकर, अगदी बरोबर. आणि यात बायकांचा हिशेब वेगळाच. विधवेचे केस उतरवणं हा एकेकाळी समाजाचा अधिकार मानला जात होता. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच केशवपनाला नकार दिला. बाईच्या डोक्यावर काय असावं हे चारचौघांनी ठरवायची सवय इतकी जुनी आहे. आज निळ्या बटेवर येणारी शेरेबाजी त्याच सवयीतून येते, असं माझं ठाम मत आहे.

वेणीफणी

मत पटलं. तरी घरातली सगळीच माणसं त्या हेतूने बोलत नाहीत. काळजीचा सूर आणि हुकमाचा सूर वेगळा ओळखावा.

बायकांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. ‘आतली बट रंगव, दिसणार नाही’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो मोकळ्या केसांसाठी ठीक आहे. आपल्याकडे साडीवर अंबाडा घालतात, आणि अंबाड्यात मानेवरचे केस वर जातात, म्हणजे लपवलेला पट्टा सगळ्यात आधी दिसतो. सणासमारंभात झाकायचा असेल तर पट्टा मानेपासून तीन बोटं वर आणि कानाच्या रेषेपासून दोन बोटं आत घ्या. सलूनमध्ये बसल्यावर आधी स्वतः अंबाडा घालून, मग वेणी घालून दाखवा आणि मगच भाग पाडायला सांगा. उलट ज्यांना रंग मिरवायचा आहे त्यांनी खालच्या अर्ध्या वेणीपुरता रंग घ्यावा. तीन पेडांत काळा आणि मोरपंखी असा गुंफलेला फार सुरेख दिसतो, आणि वेणी घातलेली असल्यामुळे जुन्या नजरेलाही निगा दिसते.

अंबड एमआयडीसी

एचआरच्या बाजूने. निवड करणारे बोलून दाखवत नाहीत, पण त्यांचं लक्ष तीन ठिकाणी जातं: मुळांना वाढलेला काळा पट्टा, उतरलेला रंग आणि तोंडावर येणारे केस. ताज्या, नीट बांधलेल्या जांभळ्या केसांपेक्षा दोन महिने जुना, हिरवट पडलेला निळा जास्त नुकसान करतो. ‘हा माणूस हातात घेतलेलं काम अर्धवट सोडतो का’ असा प्रश्न मनात येतो.

शॉप फ्लोअरवर रंगाला महत्त्व कमी, केस टोपीत पूर्ण जातात की नाही याला जास्त. डिझाइन, आयटी, जाहिरात इथे बहुतेक चालतं. बँकेचा काउंटर, हॉस्पिटलचं रिसेप्शन, शाळा, विमानातली नोकरी इथे नैसर्गिक रंगाचीच अपेक्षा असते. गणवेशाच्या सरकारी नोकरीचा विचार असेल तर नकोच. ऑफर लेटरसोबत ग्रूमिंगचे नियम मिळतात, ते सही करण्याआधी वाचा. ‘नैसर्गिक रंग’ असा शब्द असेल तर बर्गंडी चालेल का हे ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

मुलाखतीसाठी घाईघाईने काळा डाय ओतू नका. पुढे तो काढताना केस मरतो.

कंगवा

याला जोडून: ब्लीच केलेल्या केसावर थेट तपकिरी लावला तर तो शेवाळी दिसतो, कारण केसातला लाल-नारंगी पाया आपण काढून टाकलेला असतो. तो आधी परत भरावा लागतो. तांबूस किंवा कॉपर रंगाचा हात द्यायचा, मग वर तपकिरी. खाली निळा शिल्लक असेल तर आधी क्लॅरिफाइंग (खोलवर साफ करणाऱ्या) शाम्पूने दोन-तीन धुण्यांत जमेल तेवढा उतरवा. मुलाखतीच्या किमान आठ दिवस आधी करा.

एका दिवसासाठीच रंग हवा असेल तर क्लिपच्या बटा उत्तम. कृत्रिम धाग्याच्या बटेवर स्ट्रेटनर फिरवू नका, वितळते.

इंदिरानगर

आमच्या भागात उन्हाळ्यात बोअर आणि टँकर. रंग दोन आठवडेही टिकत नाही अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. पाण्यामुळे का?

रंगशाळा

मोठा वाटा पाण्याचा. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी त्या मानाने हलकं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त. ते ब्लीच केलेल्या केसावर बसतात, केस राठ आणि रंग निस्तेज होतो. पंधरा दिवसांतून एकदा ईडीटीए (हे क्षार धरून काढणारं रसायन) असलेला शाम्पू. शेवटचं एक-दोन लिटर पाणी नळाचं किंवा आरओचं, थंड. एक लिटरमध्ये एक चमचा व्हिनेगर टाकून शेवटचा हात दिला तर केसावरचे बारीक खवले बसतात आणि चमक येते. शाम्पू आठवड्यातून दोनदा, सल्फेट नसलेला.

रंग ताजा ठेवायची स्वस्त युक्ती: उरलेला डायरेक्ट डाय एक भाग, पांढरा कंडिशनर पाच ते दहा भाग, डब्यात कालवून ठेवा. दहा दिवसांतून एकदा दहा मिनिटं. हातमोजे घाला आणि जुना टॉवेल घ्या. पहिले चार दिवस उशीचा अभ्रा, हेल्मेटचं अस्तर आणि पांढरा स्कार्फ रंगतो. हेल्मेटखाली सुती फडकं बांधा. गाडीवर स्कार्फ करकचून बांधू नका, घासून कानाजवळचे केस तुटतात. तरणतलावाच्या पाण्यात तांबं असेल तर ब्लीच केलेला केस हिरवा पडतो. उतरण्याआधी साध्या पाण्याने केस पूर्ण भिजवून कंडिशनर लावा; भिजलेला केस तलावाचं पाणी कमी पितो.

वेणीफणी

आणि तेल? ब्लीच झालं की लोक तेल सोडतात.

कंगवा

सोडू नका. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना जाणारं प्रथिन कमी करतं. ब्लीचच्या आदल्या रात्री लावलं तरी चालतं. नंतर धुण्याच्या दोन तास आधी, एक ते दोन चमचे, मधल्या लांबीपासून टोकांपर्यंत. फक्त ताज्या डायरेक्ट डायवर पहिले चार-पाच दिवस नको, रंग तेलात उतरतो.

सातपूर

रंगपंचमीचं कुणीतरी लिहा. आपल्याकडे रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, धप्पा (उडी) मारल्याशिवाय सण होत नाही.

रंगशाळा

ब्लीच केलेला केस स्पंजसारखा असतो. रहाडीचा पानाफुलांचा रंगही तो ओढून घेतो, पण खरी भीती रस्त्यावरच्या कोरड्या हिरव्या आणि गुलाबी पुड्यांची. त्यांत मॅलाकाइट ग्रीन, ऱ्होडामाइनसारखे रंग असू शकतात. तेही धन भाराचे, म्हणजे तुमच्या डायरेक्ट डायसारखेच चिकटतात आणि सहज निघत नाहीत. लव्हेंडरवर हिरवा बसला तर मळकट छटा महिनाभर राहते.

धप्पा मारायचाच असेल तर आदल्या रात्री भरपूर खोबरेल, सकाळी वरून कंडिशनरचा थर, घट्ट वेणी आणि वर पोहण्याची टोपी. डोक्यावर कोरडी पावडर पडली असेल तर पाण्यात उतरण्याआधी झटका. पाणी लागलं की ती विरघळते आणि बसते. बाहेर आल्यावर थंड पाणी, मग शाम्पू. ब्लीचची बैठक रंगपंचमीनंतर किमान आठ दिवसांनी ठेवा, कारण टाळू खरचटलेली असते. फिका रंग हवा असलेल्यांनी तर सण होऊन जाऊ द्यावा आणि मगच सलूनची वेळ घ्यावी.